गोंदिया जिल्ह्यातील हिवताप व हत्तीरोग प्रतिबंध आणि सार्वजनिक निधी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

गोंदिया जिल्हा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा जिल्हा म्हणून परिचित आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा स्वतंत्रपणे अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३,२२,५०७ इतकी आहे. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड आणि दक्षिणेस गडचिरोली जिल्हा अशी त्याची सीमा आहे. धानाच्या बांध्यांत साचणारे पाणी, तलावांचे गवताळ काठ आणि जंगलातील नाले यांत हिवतापाचा प्रसार करणारे ॲनॉफिलिस डास वाढतात; तर गावातील व शहरातील उघड्या गटारांच्या घाण पाण्यात हत्तीरोगाचा प्रसार करणारे क्युलेक्स डास वाढतात. त्यामुळे हे दोन्ही रोग येथील जनजीवनाशी दीर्घकाळ जोडले गेले आहेत.

या रोगांचा वैद्यकीय इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. त्यांच्या प्रतिबंधासाठी लागणारा पैसा कोणी दिला, कोणत्या स्वरूपात दिला, केव्हा दिला आणि केव्हा काढून घेतला, हा प्रस्तुत अभ्यासाचा विषय आहे. रोग झाल्यानंतर उपचारावर होणारा खर्च सर्वांना दिसतो. रोग होऊ नये म्हणून केलेला खर्च यशस्वी झाला, तर त्याचा परिणाम कोणाच्याही नजरेस पडत नाही. जो ताप आलाच नाही, त्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही. सार्वजनिक अंदाजपत्रकात प्रतिबंधाची बाजू नेहमी दुबळी राहते, याचे एक मूळ येथे आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या प्रदेशात रोगप्रतिबंधाच्या आर्थिक जबाबदारीची विभागणी कशी बदलत गेली, याचा आढावा घेणे.
२) राष्ट्रीय कार्यक्रमांच्या निधीचे स्वरूप आणि त्यांचे यशापयश यांतील संबंध तपासणे.
३) रोग कमी झाल्यानंतर निधीचे काय होते, या प्रश्नाचा इतिहासाच्या आधारे विचार करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. शासकीय समित्यांच्या शिफारशी, कायदे, राष्ट्रीय कार्यक्रमांची प्रसिद्ध आकडेवारी आणि जनगणना ही त्याची साधने होत. १९९९ पूर्वीचा इतिहास हा अर्थातच भंडारा जिल्ह्याचा इतिहास आहे आणि त्याचा उल्लेख त्याच नावाने केला आहे.

१. उपकराचा काळ : जिल्हा कौन्सिल ते जनपद सभा

भंडारा जिल्हा ब्रिटिश राजवटीत मध्य प्रांतात समाविष्ट होता. १८८३ च्या मध्य प्रांत स्थानिक स्वराज्य कायद्यान्वये जिल्हा कौन्सिल आणि स्थानिक मंडळे स्थापन झाली. त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार जमीन महसुलावरील उपकर हा होता. त्यात कोंडवाड्यांसारख्या किरकोळ बाबींची भर पडत असे. या मर्यादित उत्पन्नातून रस्ते, शाळा, दवाखाने आणि देवी काढण्याचे काम चालवावयाचे होते. उपकर जमीन महसुलाशी बांधलेला असल्याने ज्या वर्षी पीक बुडे व महसुलात सूट द्यावी लागे, त्या वर्षी कौन्सिलचे उत्पन्नही घटे. दुष्काळाच्या वर्षी रोगराई वाढते आणि नेमक्या त्याच वर्षी रोगप्रतिबंधाची तिजोरी रिकामी होते, असा हा विरोधाभास होता.

या काळातील प्रतिबंधाचे स्वरूप तीन बाबींपुरते सीमित होते. देवीचे लसीकरण, पटकीच्या साथीत विहिरींत परमँगनेट टाकणे आणि प्लेगच्या वेळी वस्ती हलविणे, या त्या बाबी होत. हिवताप हा मात्र दरवर्षीचा आणि सर्वदूर असल्याने त्याला साथीचा दर्जा मिळाला नाही. त्याच्यासाठी क्विनाइन वाटणे एवढाच उपाय होता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक ठरला. स्थानिक संस्थांच्या हाती अशा संकटासाठी काहीही राखीव नव्हते, हे त्या वर्षी उघड झाले.

१९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविला. जबाबदारी सोपविली गेली, परंतु उत्पन्नाची मोठी साधने त्या प्रमाणात आली नाहीत. याच काळात या प्रदेशातून जाणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने मात्र रोनाल्ड सीनियर-व्हाइट या हिवताप तज्ज्ञाची स्वतंत्र नेमणूक केली होती. गोंदिया हे त्या रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन होते. रेल्वे कंपनीच्या दृष्टीने तापाने आजारी पडलेला कामगार हा थेट आर्थिक तोटा होता. म्हणून प्रतिबंधावरील खर्च तिला परवडत होता. धान रोवणीच्या दिवसांत तापाने फणफणणाऱ्या शेतमजुराचा तोटा मात्र कोणत्याही हिशेबात जमा होत नव्हता. प्रतिबंधासाठी पैसा उपलब्ध होण्यापूर्वी आजाराचे नुकसान कोणाच्या तरी खात्यात नोंदले जावे लागते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड स्थानिक शासन कायद्याने जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसील पातळीवरील जनपद सभा आल्या. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने आलेली ही योजना विकेंद्रीकरणाच्या दृष्टीने धाडसी होती. परंतु लहान क्षेत्र म्हणजे लहान उत्पन्न, ही तिची मर्यादा होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येईपर्यंत येथील ग्रामीण स्थानिक शासन जनपद सभांकडेच होते. म्हणजे ज्या दहा वर्षांत देशातील सर्वांत मोठा रोगप्रतिबंधक कार्यक्रम सुरू झाला, त्याच दहा वर्षांत या जिल्ह्याने दोनदा राज्य आणि एकदा स्थानिक शासनाची संपूर्ण रचना बदलली.

२. तलाव एका खात्याकडे, ताप दुसऱ्या खात्याकडे

या जिल्ह्यातील तलाव ही मोठी सामाजिक संपत्ती होय. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांपैकी अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध सर्वपरिचित आहे. मालगुजारीच्या काळात तलावाची पाळ, नाला आणि गाळ यांची देखभाल मालगुजार आणि गाव मिळून करीत. ही व्यवस्था न्याय्य होती असे म्हणता येणार नाही. तिच्यात वेठीचा अंश होता. तथापि पाण्याची निगा ही गावाच्या नित्य कामांपैकी एक होती.

मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्यान्वये ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे आले. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव, बोलीभाषेत मामा तलाव, म्हणतात. तलावाची दुरुस्ती लघु पाटबंधाऱ्यांच्या लेखाशीर्षाखाली गेली, त्यातील मासेमारी सहकारी संस्थांकडे गेली आणि तलावाकाठी होणारा ताप आरोग्य खात्याकडे गेला. काठावरील गवत काढणे, पाळीखालील झिरपणारे पाणी वाहते करणे, गप्पी मासे सोडणे ही डासोत्पत्ती रोखण्याची साधी कामे आहेत. ही कामे कोणत्या खात्याच्या पैशाने करावयाची, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिला. खातेनिहाय अंदाजपत्रकाने पाण्याचे तुकडे केले. डासांनी ते तुकडे मानले नाहीत.

३. केंद्राचा पैसा आणि डीडीटीचे युग

एप्रिल १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो व आठ लाख मृत्यू होतात, असा अंदाज होता. कार्यक्रमाचा गाभा घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी हा होता. अमेरिकेची तांत्रिक मदत, जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आणि केंद्र शासनाचा निधी यांवर तो उभा होता. डीडीटीच्या देशी उत्पादनासाठी १९५४ मध्ये हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली. १९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला. मात्र त्याचा भर मुख्यतः शहरी भागावर राहिला.

आरंभीच्या यशाने उत्साहित होऊन १९५८ मध्ये नियंत्रणाऐवजी निर्मूलन हे ध्येय स्वीकारले गेले. निर्मूलनाची योजना चार टप्प्यांची होती : पूर्वतयारी, हल्ला, दृढीकरण आणि देखभाल. १९६०-६१ पासून घरोघरी जाऊन तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेणारी पाहणी यंत्रणा उभी राहिली. १९६१ मध्ये देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे पन्नास हजारांपर्यंत खाली आली. हे यश अभूतपूर्व होते आणि ते सार्वजनिक पैशाने मिळविलेले होते, हे निःसंशय.

परंतु याच योजनेत एक आर्थिक गृहीतक दडलेले होते. मोठा खर्च हल्ल्याच्या टप्प्यात करावयाचा, रोग संपला की खर्चही संपेल, आणि उरलेले देखभालीचे काम राज्यांनी आपल्या सर्वसाधारण आरोग्य यंत्रणेमार्फत करावयाचे, असे ते गृहीतक होते. निर्मूलन ही एकदाच करावयाची भांडवली गुंतवणूक मानली गेली. तिला नंतर आवर्ती खर्च लागतो, याचा पुरेसा विचार झाला नाही.

४. यशानंतरची माघार (१९६३ ते १९७६)

देखभालीच्या टप्प्यासाठी काय लागेल, हे ठरविण्यासाठी नेमलेल्या चढ्ढा समितीने १९६३ मध्ये शिफारस केली की हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नियमित यंत्रणेने करावे आणि दर दहा हजार लोकसंख्येमागे एक मूलभूत आरोग्य कार्यकर्ता नेमून त्याने दरमहा घरभेटी द्याव्यात. याच कार्यकर्त्याकडे कुटुंब नियोजनाचे कामही सोपविण्यात आले. दोन वर्षांतच दोन्ही कामे नीट होत नाहीत असे आढळून आले आणि १९६५ मध्ये मुखर्जी समितीने ती वेगळी करण्याची शिफारस केली. १९६६ मध्ये पुन्हा याच नावाच्या समितीला मूलभूत आरोग्य सेवेची रचना तपशिलाने मांडावी लागली. कारण देखभालीच्या टप्प्याचा खर्च निधीअभावी राज्यांना पेलवत नव्हता.

प्रस्तुत अभ्यासाच्या दृष्टीने हा कालखंड निर्णायक आहे. तंत्र उपलब्ध होते, यश मिळालेले होते, समित्यांना धोका दिसत होता. अडचण एवढीच होती की केंद्राचा पैसा रोगाबरोबर मागे सरकला आणि राज्याचा पैसा त्या जागी पोहोचला नाही. महाराष्ट्रात तर जिल्हा परिषदा नुकत्याच स्थापन झाल्या होत्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची संख्या वाढत्या गरजेच्या मानाने तोकडी होती. दुर्गम भागात कार्यकर्ता नेमला तरी तो टिकविण्यासाठी निवास, वाहन आणि वेळेवर पगार लागतो. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलातील टोल्यांवर दरमहा पोहोचणे हे सपाटीवरील गावात पोहोचण्याहून खर्चिक होते. दहा हजारांमागे एक हे प्रमाण मात्र सर्वांना समान होते.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. १९६५ मध्ये देशात सुमारे एक लाख रुग्णांची नोंद होती. १९७६ मध्ये ती संख्या चौसष्ट लाखांवर गेली. डासांमध्ये कीटकनाशकाविषयी निर्माण झालेली प्रतिकारशक्ती, क्लोरोक्विनला दाद न देणारा परजीवी आणि डीडीटीचा अपुरा व विलंबित पुरवठा ही कारणे त्यामागे होती. त्यामुळे केवळ निधीअभावी रोग परतला असे म्हणणे एकांगी ठरेल. परंतु तो परत येत आहे हे वेळेत कळण्यासाठी जी पाहणी लागते, ती निधीअभावी शिथिल झाली होती, हे नाकारता येत नाही.

शेजारील श्रीलंकेचा दाखला येथे उपयुक्त ठरतो. तेथे १९६३ मध्ये संपूर्ण देशात हिवतापाचे अवघे १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबविली गेली, पाहणी सैल झाली आणि १९६८-६९ मध्ये लाखो लोकांना हिवतापाने ग्रासले. श्रीलंकेला हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळण्यास त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लागले. ते सप्टेंबर २०१६ मध्ये मिळाले.

५. निम्मा वाटा आणि वस्तुरूप मदत

१९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना अमलात आली. निर्मूलनाचे ध्येय बाजूला ठेवून मृत्यू टाळणे व रोग आटोक्यात ठेवणे हे उद्दिष्ट स्वीकारले गेले. दर हजार लोकसंख्येमागे वर्षाला दोन किंवा अधिक रुग्ण असतील तेथेच फवारणी करावयाची, असा निकष ठरला. तापाच्या गोळ्या गावातच मिळाव्यात म्हणून औषध वितरण केंद्रे व ताप उपचार केंद्रे सुरू झाली. १९७९-८० पासून कार्यक्रमाचा खर्च केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलावा असे ठरले. त्यापूर्वी तो शंभर टक्के केंद्रपुरस्कृत होता.

निम्मा वाटा हे शब्द समान भागीदारी सुचवितात. प्रत्यक्षात केंद्राचा वाटा प्रामुख्याने वस्तूंच्या रूपात, म्हणजे कीटकनाशक व औषधे या रूपात येत असे. आणि फवारणीची मजुरी, वाहतूक, देखरेख हा चालू खर्च राज्याने करावयाचा असे. कीटकनाशक गोदामात साठविता येते. मजुरी साठविता येत नाही. ती पावसाळ्याच्या तोंडावर, ठरावीक आठवड्यांतच लागते. राज्याची तरतूद उशिरा आली, तर पावडर गोदामात आणि डास शेतात, अशी स्थिती निर्माण होणे या रचनेतच अंतर्भूत होते. निधीचे एकूण आकारमान जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे स्वरूप आणि त्याची वेळ महत्त्वाची असते, हा येथील धडा आहे.

या रचनेचे सर्वांत बोलके प्रतीक म्हणजे हंगामी क्षेत्र कर्मचारी. फवारणीच्या हंगामात पाठीवर पंप घेऊन गावोगाव फिरणारा हा माणूस वर्षातील मोजकेच दिवस शासनाचा असतो. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या आरोग्य सेवक (पुरुष) या पदाच्या भरतीत निम्म्या जागा फवारणीच्या हंगामी कामाचा ९० दिवसांचा अनुभव असणाऱ्यांसाठी ठेवण्याची पद्धत आहे. त्यामुळे अनेक ग्रामीण तरुणांनी कायम नोकरीच्या आशेने हे काम केले. म्हणजे प्रतिबंधाच्या कार्यक्रमाचा एक भाग, कागदावर न दाखविता, या तरुणांच्या आशेने पेलला. सार्वजनिक निधीच्या इतिहासात या योगदानाची नोंद व्हावयास हवी.

सप्टेंबर १९९७ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने वर्धित हिवताप नियंत्रण प्रकल्प महाराष्ट्रासह काही राज्यांतील आदिवासी भागांत सुरू झाला. या प्रकल्पाने नवी साधने आणली. परंतु प्रकल्पाला मुदत असते आणि रोगाला ती नसते. मुदत संपल्यावर काय, हा १९६३ चा प्रश्न २००५ मध्ये पुन्हा उभा राहिला.

६. अबंधित निधी, आशा आणि गाव

एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि निधीच्या रचनेत एक महत्त्वाचा बदल झाला. गाव पातळीवरील आरोग्य व स्वच्छता समितीस वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी देण्याची तरतूद झाली. गावाने स्वतः ठरवून खर्च करावयाचा हा पैसा होता. तत्त्वतः हा बदल स्वागतार्ह होता. जनपद सभांनंतर प्रथमच प्रतिबंधाचा निर्णय इतक्या खाली आला. मात्र हजार लोकवस्तीच्या गावास हा निधी दरडोई दहा रुपये इतकाच पडतो. एका गटाराचे काही फूट बांधकामही त्यात होत नाही.

आशा स्वयंसेविकेची नेमणूक हा या अभियानाचा दुसरा भाग होय. हिवतापासाठी तिचा मोबदला कामानुसार ठरला. मागील दशकातील राष्ट्रीय दरांनुसार एका रक्ततपासणीस १५ रुपये आणि एका रुग्णाचा पूर्ण उपचार करून घेतल्यास ७५ रुपये, असे त्याचे स्वरूप होते. या दरांत रुग्णाचे मोल तपासणीच्या पाचपट आहे. गावातील हिवताप संपविण्यात आशा यशस्वी झाली की तिच्या मोबदल्यातील मोठा घटकच संपतो. १९६० च्या दशकात राष्ट्रीय पातळीवर जे घडले, तेच येथे एका स्त्रीच्या मासिक हिशेबात घडते.

हत्तीरोगाच्या बाबतीत २००४ पासून देशपातळीवर सामुदायिक औषधोपचार मोहीम सुरू झाली आणि २००७ पासून डीईसीच्या गोळ्यांसोबत अल्बेंडॅझोल देण्यात येऊ लागले. गोंदिया हा राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांपैकी एक आहे. ही मोहीम प्रभावी ठरण्यासाठी एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळणे आवश्यक असते; गोळ्या वाटणे पुरेसे नसते. निरोगी दिसणाऱ्या माणसाला गोळी गिळण्यास राजी करणे हे वेळखाऊ काम आहे, आणि वेळ हीच या खर्चातील सर्वांत कमी मोजली जाणारी बाब आहे. शिवाय हत्तीरोगाचा डास गटारात वाढतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होता. गोळ्यांची मोहीम आणि गटारांचा निधी यांची सांगड घातली गेली, तरच दोन्ही खर्च सार्थकी लागतील.

७. सीमेवरचा जिल्हा

गोंदिया जिल्ह्याच्या निधीचा विचार त्याच्या सीमांच्या संदर्भाविना अपूर्ण राहील. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. परंतु संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखणे हा विषय समवर्ती सूचीत आहे. बालाघाट, राजनांदगाव आणि गोंदिया यांच्या दरम्यान मजुरी, बाजार आणि सोयरिकी यांनिमित्त लोकांची सतत ये-जा असते. घटनेने ओळखलेली ही गरज निधीच्या रचनेत मात्र उतरलेली नाही. फवारणीचे वेळापत्रक आणि तरतूद राज्यनिहाय होते. नाल्याच्या अलीकडचे गाव एका हंगामात आणि पलीकडचे दुसऱ्या हंगामात फवारले जाऊ शकते.

दुसरी सीमा अधिक सूक्ष्म आहे. जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे १६ टक्के होते आणि देवरी येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. परंतु १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने घोषित झालेल्या महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात या प्रदेशाचा समावेश नाही. परिणामी आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंधित निधी, जो २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला व ज्याच्या उद्दिष्टांत आरोग्य व स्वच्छता आहे, तो देवरी वा सालेकसा येथील आदिवासी गावांना मिळत नाही. लगतच्या कोरची तालुक्यातील गावांना तो मिळतो. जंगल तेच, डास तोच, समाजही बहुतांशी तोच. निधीचा हक्क तेवढा भिन्न आहे.

८. उच्चाटनाचा उंबरठा

देशातील हिवतापाचे नोंदलेले रुग्ण २०१५ मध्ये सुमारे ११ लाख ७० हजार होते. २०२३ मध्ये ते सुमारे २ लाख २८ हजारांवर आले. २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करावयाचे आहे आणि हत्तीरोगासाठी २०२७ हे वर्ष निश्चित झाले आहे. म्हणजे १९६१ प्रमाणेच यशाचा काळ पुन्हा आला आहे. म्हणूनच त्या काळाचे स्मरण आवश्यक आहे.

एक साधा हिशेब येथे मांडता येतो. हिवतापाच्या पाहणीसाठी वर्षाला किमान दहा टक्के लोकसंख्येचे रक्तनमुने तपासावेत, असा दीर्घकाळ रूढ असलेला निकष आहे. २०११ ची लोकसंख्या धरली तर गोंदिया जिल्ह्यासाठी हे सुमारे १ लाख ३२ हजार नमुने होतात. जिल्ह्यात हजारो रुग्ण असोत वा एकही नसो, हा आकडा बदलत नाही. म्हणजे पाहणीचा खर्च रुग्णसंख्येवर अवलंबून नाही. तो लोकसंख्येवर अवलंबून आहे. उलट फवारणीचा १९७७ मधील निकष पाहा. आदिवासी भागातील तीन हजार लोकसंख्येच्या उपकेंद्रात हजारी दोन या प्रमाणाने वर्षाला सहा रुग्ण होतात. पाच रुग्ण सापडले तर तो भाग निकषाबाहेर जातो. पाहणी दुबळी असेल तर पाच रुग्ण सापडतात, म्हणून निधी कमी होतो, म्हणून पाहणी आणखी दुबळी होते. हे दुष्टचक्र अंदाजपत्रकाच्या पद्धतीतून जन्मते.

शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी सलग तीन वर्षे स्थानिक प्रसाराचा एकही रुग्ण नसावा लागतो. शून्य रुग्ण असलेल्या रोगावर किमान तीन वर्षे पूर्ण ताकदीने खर्च करीत राहण्याची तयारी त्यासाठी हवी. २०१५-१६ पासून राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र व राज्य यांचा वाटा ६० : ४० असा झाला आहे, त्यापूर्वी तो ७५ : २५ होता. राज्याचा वाटा वाढल्याने ही तयारी राज्य व जिल्हा पातळीवर असणे अधिकच निकडीचे झाले आहे.

निष्कर्ष

१) आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या प्रदेशात गेल्या सुमारे १४० वर्षांत रोगप्रतिबंधाची जबाबदारी वेळोवेळी खालच्या पातळीकडे सोपविली गेली, त्या प्रमाणात उत्पन्नाची साधने खाली आली नाहीत.
२) प्रतिबंधाचा निधी रोगाच्या तीव्रतेनुसार वाढला आणि यशानंतर घटला. १९६३ ते १९७६ या काळातील अनुभव हे त्याचे स्पष्ट उदाहरण आहे.
३) वस्तुरूप मदत आणि चालू खर्च यांची विभागणी दोन शासनांत झाल्याने माणसांवरील खर्च हा कार्यक्रमाचा कच्चा दुवा राहिला.
४) तलाव, गटार व ताप यांची लेखाशीर्षे वेगळी असल्याने डासोत्पत्ती रोखण्याची स्थानिक व स्वस्त कामे मागे पडली.
५) राज्यांच्या सीमा व अनुसूचित क्षेत्राची सीमा यांमुळे समान जोखीम असलेल्या गावांना असमान निधी मिळतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की हिवताप व हत्तीरोग यांच्या पाहणीसाठी लोकसंख्येच्या आधारावर, रुग्णसंख्येशी न जोडलेली स्वतंत्र आवर्ती तरतूद जिल्हा पातळीवर असणे आवश्यक आहे. आशा स्वयंसेविकेचा मोबदला रुग्णाऐवजी नियमित तपासणीस अधिक महत्त्व देणारा असावा. मामा तलावांच्या दुरुस्तीच्या आराखड्यातच काठांची स्वच्छता व गप्पी माशांची तरतूद समाविष्ट व्हावी. यांपैकी कोणत्याही सूचनेस नवे तंत्रज्ञान लागत नाही.

१९६० च्या दशकात या जिल्ह्यातील ज्या पिढीने घराच्या भिंतीवर पांढऱ्या पावडरीचे डाग पाहिले, तिला ताप गेला असे वाटले होते. तो परतल्याची किंमत पुढच्या पिढीने दिली. आज पुन्हा रुग्णसंख्या कमी झालेली असताना अंदाजपत्रकातील ती तरतूद अनावश्यक वाटू लागेल. तेव्हा ती टिकवून धरण्याचे काम जिल्हा परिषदेचे, नियोजन समितीचे आणि जिल्ह्यातील सुशिक्षित वर्गाचेही आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यासाठी १९६३ चा अनुभव वेळेवर समोर ठेवावा, एवढीच प्रस्तुत लेखामागील भूमिका आहे.